दीड मिलिमीटर डावीकडे

वजनकाट्याच्या कोपऱ्यात, काचेखाली एक बुडबुडा असतो. तो वर्तुळाच्या मधोमध असला की काटा पातळीत आहे असं समजायचं. त्या सकाळी तो दीड मिलिमीटर डावीकडे होता. किती ते तिला नेमकं ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी सगळी वजनं उरकल्यावर काट्याच्या पायाचा स्क्रू तिनंच फिरवला होता.

चौथ्या दशांशासाठी औषधाची अख्खी बॅच अडवून धरणारी बाई ती! पण दर तीन महिन्यांनी तिचा काटा 'बिघडे' आणि तो दुरुस्त करायला काटेवाले येत. अर्धा तास. त्यातली पाच मिनिटं काट्यावर, दहा चहावर आणि उरलेली तिच्या गप्प बसण्यावर जात. ते एकटेच राहतात, एवढं मात्र तिनं दुसऱ्याच खेपेला काढून घेतलं होतं.

बोलायचं ते ती फोनवर लिही. कथांच्या एका ॲपवर, टोपणनावानं. तिथली नायिका घड्याळं दुरुस्त करणाऱ्यावर भाळली होती आणि बासष्ट भाग झाले तरी तोंडातून ब्र काढत नव्हती. चोविसाव्या भागात त्याच्या नुसत्या मनगटावर पाऊण पान खर्ची पडलं होतं. नायिकेचे केस लांबसडक होते; तेवढी सूट लेखिकेनं स्वतःला दिली होती.

"वन्सं, ही कथा वाचताय का?" कालच वहिनी तणतणली होती. "बया नुसती घड्याळ बंद पाडते नि त्याला बोलावते! तोंड काय फक्त जेवायला दिलंय हिला?"

"लेखिकेचं काही कारण असेल."

"कारण कसलं? तिलाच कुणी विचारत नसणार!"

तिनं मान डोलावली. निरीक्षण अचूक होतं.

काटेवाल्यांनी पेटी उघडली. "पुढच्या आठवड्यात तुमचा नवा काटा येतोय, मॅडम. आपला आपणच पातळीत येतो. तक्रारही फोनवरच मिटते. म्हणजे माझी ही शेवटची खेप."

त्रेसष्टाव्या भागासाठी अकरा वेळा घासून काढलेलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

"अस्सं," ती म्हणाली.

त्यांनी स्क्रू फिरवला. बुडबुडा मधोमध आला. "एक विचारू? हा स्क्रू आपोआप फिरत नाही. आणि दर वेळी डावीकडेच, दीड मिलिमीटर."

"टेबल हलत असेल."

टेबल ग्रॅनाइटचं होतं. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"असेल," ते म्हणाले आणि पेटी मिटू लागले. एक कडी लागली. दुसरी ते उगाचच चाचपत राहिले.

"स्क्रू मी फिरवते," ती म्हणाली. "सव्वादोन वर्षं झाली. तुम्ही यावं म्हणून. आता बिघडायला काटा नसला, तरी याल का?"