रेक्टर बाई काय म्हणाल्या

माझ्या आईबाबांना ऐकू येत नाही, जन्मापासून. मला येतं, मावशीलाही येतं. त्यामुळे बँक, दवाखाना, शाळा, घरमालक, सगळीकडे त्यांच्या वतीने बोलायचं काम आधी मावशीकडे होतं आणि मी सात वर्षांची झाल्यावर ते माझ्याकडे आलं. कामाचा नियम मावशीनेच शिकवला होता. समोरचा जे बोलला ते सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, आवडलं नाही म्हणून काही गाळायचं नाही. तो नियम मी इतका पाळला, की ‘तुमची मुलगी वर्गात अखंड बडबडते’ ही बाईंची तक्रार मीच आईबाबांना हातांनी नीट समजावून सांगितली आणि नंतर बोलणीही मीच खाल्ली.

शाळा संपल्यावर मला परकीय भाषा आणि भाषाविज्ञान घेऊन बी.ए. करायचं होतं. कॉलेजं दोन होती. एक घरापासून वीस मिनिटांवर. तिथे एकच परकीय भाषा, आणि भाषाविज्ञानाचा एक पेपर शेवटच्या वर्षी, तोही शिकवणारं कोणी मिळालं तर. दुसरं बसने सात तासांवर. तिथे तीन भाषा होत्या आणि खुणांच्या भाषांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. प्रवेशाच्या तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, “तू सगळ्यात आधी कोणती भाषा शिकलीस?” मी हात वर करून दाखवले. त्या ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत, की ‘किती गुणी गं’ म्हणाल्या नाहीत. “मग तिचं व्याकरण सांग,” म्हणाल्या. आमच्या घरात जे चालतं त्याला व्याकरण असतं, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. मी अर्धा तास सुटलेच. बाहेर आले ती ठरवूनच, शिकेन तर इथेच.

बाहेर बाकावर बाबांचा चेहरा पडलेला होता. मी आत असताना ते आणि आई वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना भेटून आले होते, मावशीला मध्ये घेऊन.

“दुरुस्ती चालू आहे,” बाबा हातांनी म्हणाले. “पहिलं वर्ष मुलींना खोली नाही. बाहेर एकटीने राहायचं असेल तर मी पाठवणार नाही.”

मी मावशीकडे पाहिलं. “तसंच म्हणाल्या गं त्या,” ती म्हणाली.

मी माहितीपुस्तिका उघडून बघितली नाही. उठून रेक्टर बाईंना विचारायलाही गेले नाही. मावशीवर शंका घ्यायची म्हणजे स्वतःच्या कानांवर शंका घ्यायची. सात तास खिडकीकडे तोंड करून रडले आणि त्या कॉलेजवर पाणी सोडलं.

पंधरा दिवसांनी दुपारी फोन आला. रेक्टर बाई होत्या.

“अगं, तुझा प्रवेश झालाय, खोली घेते आहेस ना? आज चारपर्यंत कळव. नाहीतर प्रतीक्षायादीतल्या मुलीला देऊन टाकते.”

“दुरुस्ती झाली का?”

“कसली दुरुस्ती? तुझ्या मावशीला सांगितलं होतं मी, खोली पक्की म्हणून.”

त्या दिवशी मावशीला सुट्टी होती. आई लोकांचे कपडे शिवायची; मावशी तिच्याजवळ बसून एका गिऱ्हाइकाच्या परकराची शिवण उसवत होती. बाबा बाइंडिंगच्या कारखान्यातून जेवायला घरी आलेले. आईबाबांसमोर नुसतं तोंडाने बोलायचं नाही, सोबत हात चाललेच पाहिजेत, अशी आमच्या घरची शिस्त. मी ती मोडली.

“मावशी, रेक्टर बाई काय म्हणाल्या होत्या?”

मावशीचे हात मांडीवरच राहिले. “हळू बोल,” ती म्हणाली.

“हळू? इथे कोणाला ऐकू जाणार आहे?”

“आत्ता नको. मी सांगते तुला नंतर.”

“चार वाजता माझी जागा जातेय! केसाने गळा कापलास तू माझा. मी गेले की ही सगळी धावपळ परत तुझ्या अंगावर पडेल, म्हणूनच ना?”

बाबांनी टेबलावर थाप मारली. हातांनी विचारलं, काय चाललंय? मग मी त्यांना हातांनी सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

“मला खोटं सांगितलंस?” बाबांचे हात असे फिरले की पाण्याचा पेला आडवा झाला. मावशी मान खाली घालून पाणी पुसत बसली.

आईने सुई रिळात खोचून ठेवली आणि हात उचलले.

“मी सांगितलं होतं तिला.”

“परत सांग,” मी म्हटलं.

“निघायच्या आदल्या दिवशी. ती नको म्हणत होती. मी रडले, तेव्हा कबूल झाली. बाबांचं बरं आहे, पुस्तकं बांधायला जिभेची गरज नाही. माझं काय? दारात कोणी आलं की मी तुझ्याकडे बघते. तू गेलीस की कोणाकडे बघू?”

मावशीवरचा राग सोपा होता. या रागाचं काय करावं तेच मला कळेना. अकरा वर्षं मी तिच्या वतीने बोलले. तिची दुखणी डॉक्टरांना सांगितली, तिची भांडणंसुद्धा मीच भांडले. आणि माझ्या एका गोष्टीच्या वेळी तिने मलाच अंधारात ठेवलं, तेही माझ्या सख्ख्या मावशीच्या तोंडून.

“फोन लाव,” बाबा म्हणाले.

रेक्टर बाईंना वडिलांची संमती हवी होती. बाबांनी हात हलवले आणि मी फोनवर म्हटलं, “वडील म्हणताहेत, ती येते आहे.” रेक्टर बाईंनी नाव लिहून घेतलं. साडेबाराच वाजले होते. जागा वाचली.

फोन ठेवून मी आईकडे वळले. खूप काही सांगायचं होतं. सुट्टीत येईन, हे सांगायचं होतं. तिच्यावर ओरडायचंही होतं. आणि सगळ्यात आधी हे, की मला एकदा सरळ विचारलं असतंस, तर कदाचित मी राहिलेही असते. मी हात उचलले.

आईने माझ्या हातांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मी टेबलावर थाप मारली. तिच्या खांद्याला हात लावला, मग हलवलं. तिने डोळे आणखी घट्ट मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या आईला काहीच सांगता येत नाही. मी हात तसेच धरून तिच्यासमोर उभी राहिले.