कानडी डोळ्यांची तोंडं

मुलीनं लग्नानंतर नोकरी सोडायची, या अटीवर गुरुबसप्पानं ठामपणे मान हलवली, तेव्हा त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नव्हता.

समोर सतरंजीवर वीरभद्रप्पा बसले होते. भोकरला त्यांचं खतांचं आणि बी-बियाण्यांचं दुकान. मुलगा त्याच दुकानात बसायचा. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जुळली होती आणि आज भोकरची मंडळी लातूरला सुपारी फोडायला आली होती. वीरभद्रप्पा माणूस चांगला, पण बोलणं देवळात बोलल्यासारखं हळू आणि मिश्या इतक्या भरघोस की ओठ हलतात की नाही तेही कळू नये.

"आमच्यात सुना नोकरीला जात न्हाईत बघा," ते म्हणाले होते. "लगीन झालं की पोरीनं नांदेडचा दवाखाना सोडायचा. एवढंच आमचं म्हणणं हाय. चालतंय न्हवं?"

"हाव, हाव," गुरुबसप्पा म्हणाला. वर हसलाही.

उभा जन्म त्यानं डाळमिलमध्ये काढला होता. सकाळी मशीन सुरू झाली की संध्याकाळपर्यंत तिथं माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. त्या धडधडीनं त्याचे कान कधी नेले ते त्यालाही समजलं नाही. समजलं तेव्हा त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. ऐकू न येणारा फिटर मालक कशाला ठेवील, ही भीती. मग त्यानं मान हलवायची सवय लावून घेतली. कुणी काही म्हणालं की मान हलवायची, हसायचं, हाव म्हणायचं. यानं आजवर फारसं काही बिघडलं नव्हतं. फार तर नको असताना दुसरा चहा प्यावा लागे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत मान हलवली आणि काळ्याभोर मिश्या घेऊन घरी आला, तेवढंच. बायकोला, कमलम्माला, वाटायचं की नवऱ्याचं आपल्याकडे लक्षच नाही. हे सगळ्याच बायकांना वाटतं, म्हणून गुपित टिकून राहिलं.

फक्त लेकीपासून, सिंधुपासून, ते लपलं नाही. ती नांदेडच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. त्या वॉर्डावर तिचा फार जीव. सुट्टीला घरी आली तरी तिकडच्याच गोष्टी सांगायची आणि सांगताना कमलम्माचा भात करपायचा. सुरुवातीला ती नांदेडहून रोज फोन करायची. एकदा म्हणाली, "अप्पा, मला ताप आलाय." अप्पा म्हणाले, "हाव, बरं झालं." त्या दिवशी तिनं काय ते ओळखलं. कानात मशीन बसवू म्हणाली, तर गुरुबसप्पानं तिला उडवूनच लावलं. "कानातली मशीन दिसली की गिरणीतली मशीन सुटंल माझी," तो म्हणाला.

मग तिनं लिहून पाठवायला सुरुवात केली. पण गुरुबसप्पा वाचायचा ते मोठ्यानं, आणि किती मोठ्यानं ते त्याचं त्याला कळत नसे. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरबाई कशा खवट आहेत, हे एके दिवशी अख्ख्या एसटीनं ऐकलं. दोन आसनं पुढं त्याच सिस्टरबाईंचे मेहुणे बसले होते. ते प्रकरण निस्तरताना सिंधुच्या नाकी नऊ आले.

त्यावर तिनं जो उपाय काढला तो मात्र लागू पडला. तिनं अप्पांना तोंडं पाठवायला सुरुवात केली. सगळे पाठवतात ते पिवळे गोळे नव्हेत. ते चष्म्याविना गुरुबसप्पाला हरभऱ्याच्या डाळीसारखे सारखेच दिसायचे. ही तोंडं अक्षरांची होती.

"हे जपानी लोकांचं हाय, अप्पा," तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं. "कंस, टिंब, रेघा असलं समदं जोडून तोंड करत्यात. तोंडात ह्यांचं ध्यान नसतं. डोळे बघायचे. राग, लोभ, समदं डोळ्यांत."

हे गुरुबसप्पाला पटकन पटलं. गिरणीत भुशापायी प्रत्येकाच्या नाकातोंडाला रुमाल बांधलेला. दिसतात ते डोळे आणि हात. तिथली माणसं सगळं त्यांच्यावरच बोलतात. भुवई वर गेली की पोतं आण, डोळा बारीक झाला की मालक आला. सिंधु लहानपणी डबा घेऊन गिरणीत यायची. तीही ही भाषा तिथंच शिकली.

आणि दुसरं म्हणजे, त्या तोंडांत एक दिवस त्याला ओळखीचं माणूस भेटलं. सिंधुनं पाठवलं होतं: ಠ_ಠ

"आगं, हा तर आमचा ठ हाय," ती सुट्टीला घरी आली तेव्हा तो खूश होऊन म्हणाला. तो बिदरकडच्या खेड्यातला, चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेला. पोटात टिंब असलेला तो गोल गिरवताना त्यानं गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या.

"तुमचा ठ जगभर फिरून राहिला अप्पा. माणूस डोळे वटारून बघतो न्हवं, तवा हा धाडत्यात. आन् रडायचं असलं की तुमचा थ." तिनं तेही दाखवलं: ಥ_ಥ. खरंच, त्या थच्या खाली काहीतरी ओघळल्यासारखं होतं.

तेव्हापासून बापलेकीचा व्यवहार तोंडांवर चालला. दुपारच्या सुट्टीत तिचं (¬_¬) आलं की समजायचं, सिस्टरबाई आज तिरक्या चालतायत. (^_^) आलं की एखादी अडलेली बाई सुखरूप मोकळी झाली. गुरुबसप्पा फोनवर अक्षरं मोठी करून घेऊन एका बोटानं उत्तर जुळवायचा. कंस एखादवेळी राहून जायचा आणि गाल उघडा पडायचा. पण तोंड मोठ्यानं वाचता येत नाही, हा त्यातला मोठाच फायदा होता.

तर सुपारीच्या बैठकीत गुरुबसप्पानं मान हलवली, आणि थोड्या वेळानं त्याच्या खिशातला फोन छातीशी थरथरला. त्यानं मांडीआड धरून पाहिलं.

ಥ_ಥ

आतल्या खोलीत सिंधु नवी साडी नेसून बसली होती. रडत असणार, त्याच्या मनात आलं. सोयरीक जमताना कुठली पोर रडत नाही? कमलम्मा तर सुपारीपासून वरातीपर्यंत रडली होती. त्याला भरून आलं. पोरीला धीर द्यावा म्हणून त्यानं एका बोटानं मोठ्या कष्टानं हसरं तोंड जुळवलं आणि पाठवून दिलं. वर वीरभद्रप्पांकडे पाहून आणखी एकदा मान हलवली, कारण ते काहीतरी बोलत होते.

मध्यस्थ होते माणिकप्पा, गुरुबसप्पाच्याच गिरणीतले मुनीम. त्यांनीच हे स्थळ आणलं होतं. त्यांनी ताट पुढं ओढलं. ताटात हळदकुंकू, पानं आणि मधोमध सुपारी. माणिकप्पांनी अडकित्ता हातात घेतला. सुपारी फुटली की शब्द गेला, आणि एकदा गेलेला शब्द मागं घेणाऱ्याच्या दारात त्यांच्या समाजात पुन्हा पाहुणा चढत नाही.

फोन पुन्हा थरथरला.

\(>_<)/

हे तोंड सिंधुनं याआधी कधी पाठवलं नव्हतं. दोन्ही हात वर, डोळे गच्च मिटलेले. पण गुरुबसप्पाला अर्थ विचारावा लागला नाही. गिरणीत कुणाचा रुमाल पट्ट्यात अडकताना दिसला की पाहणारा दोन्ही हात असे वर करतो, आणि बटणाजवळ जो असेल तो मशीन बंद करतो. का, कशाला, हे मागाहून. आधी बंद.

त्याचा हात त्याच्या आधी हलला. माणिकप्पांची बोटं सुपारीवर जाणार तोच त्यानं ती उचलली आणि मुठीत धरली.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. माणिकप्पांचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. वीरभद्रप्पांच्या मिश्या हलल्या, म्हणजे त्यांनी काहीतरी विचारलं असणार. गुरुबसप्पाची मान सवयीनं हलायला निघाली आणि त्यानं ती जागच्या जागी रोखली. आता काय बोलावं? पोरगी अडलीय एवढं कळलं होतं. कशाला अडलीय ते कळायला आधी कबूल करावं लागणार होतं. आणि समोर गिरणीचे मुनीम. आज बोललं की उद्या गिरणीभर.

"मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. शेजारच्या घरीही गेलं असेल इतक्या मोठ्यानं. "आज न्हाई, लई दिवसापासून. मगापासून तुम्ही काय बोलून राहिलात त्यातलं मला कायबी कळलं न्हाई. मी उगंच मान हालवून राहिलो व्हतो."

खोली शांत झाली. त्याच्यासाठी ती आधीपासूनच शांत होती.

"सिंधे, भाईर ये," त्यानं हाक मारली. "हे काय म्हणून राहिलेत ते मला सांग."

कुंकू लावायला बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं. पण सिंधु आली, त्याच्या उजव्या कानाशी बसली, त्यातल्या त्यात तोच कान बरा होता. पदरानं नाक पुसून म्हणाली, "लगीन झालं की नोकरी सोडायची म्हणत्यात, अप्पा. आन् तुम्ही हाव म्हणालात."

गुरुबसप्पाला आता सगळं उमगलं. एका मान हलवण्यात पोरीचं सगळं देऊन बसलो होतो, आणि वर हसरं तोंड पाठवलं.

"तुला सोडायची हाय का?"

"न्हाई."

तो वीरभद्रप्पांकडे वळला, हात जोडले. मुठीत सुपारी होतीच. "मग जमत न्हाई, पावणं. तुमच्यात खोट न्हाई, पोरीत न्हाई. खोट माझ्या कानात हाय. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

वीरभद्रप्पा सतरंजीवरून पुढं सरकले, थेट गुरुबसप्पाच्या कानापाशी आले आणि त्या हळू माणसानं जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला असेल.

"सुपारी फुटली न्हाई, तवा शब्द बी गेला न्हाई. फुटल्यावर कळलं असतं तर दोन्ही घरांची शोभा झाली असती. पण हे मी माणिकप्पाला आधीच फोनवर सांगितलं व्हतं की. नोकरीचं मुलीकडं इचारून घ्या म्हणून."

सगळ्यांच्या माना माणिकप्पांकडे वळल्या. माणिकप्पांनी अडकित्ता मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"फोनवर व्हय," ते म्हणाले. "गिरणी चालू व्हती. काय म्हणालात ते... मी हाव म्हणालो."

वीरभद्रप्पांच्या मिश्या थरथरायला लागल्या. रागानं, असं आधी सगळ्यांना वाटलं. "म्हणजे दोन भैरे मिळून माझ्या पोराचं लगीन जमवून राहिले व्हते," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. मग कुणालाच आवरलं नाही. सिंधुनं सगळं त्याच्या कानात सांगितल्यावर गुरुबसप्पा इतरांच्या मागून, एकटाच, पण सगळ्यांत जास्त हसला. छातीवरची मोठी धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं त्याला हलकं वाटत होतं.

"हुग्गी केलीय न्हवं?" वीरभद्रप्पांनी आतल्या दाराकडे पाहून विचारलं. "वास येऊन राहिला. मग जेवूनच जाऊ. सोयरीक जमली न्हाई, त्यात हुग्गीचा काय गुन्हा?"

गव्हाच्या गोड हुग्गीवर तूप ओतताना कमलम्माचे डोळे मात्र वाहत होते. दुकान, शेत, निर्व्यसनी मुलगा. असं स्थळ पुन्हा कधी यायचं? तिला दोष देता येणार नाही. वाढताना तिनं पाहुण्यांना आग्रह केला, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मंडळी निघाली. माणिकप्पा मुद्दाम मागं राहिले, गुरुबसप्पाच्या कानाशी आले. "गिरणीत मी कायबी बोलणार न्हाई. माझं बी बोलू नका."

"माझं बोला की," गुरुबसप्पा म्हणाला. "कळू दे मालकाला. ठेवला तर ठेवला. दिवसभर हालवून हालवून मान दुखून राहिली व्हती."

माणिकप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नुसतीच पाठ थोपटली आणि चपला घातल्या.

सिंधुला संध्याकाळच्या एसटीनं नांदेडला परतायचं होतं, सकाळी ड्यूटी. स्टँडवर गाडी लागेपर्यंत बापलेक बाकावर बसले.

"तू रडकं धाडलंस, आन् मी हसलो," गुरुबसप्पा म्हणाला.

"तवा जीवच गेला व्हता, अप्पा." ती त्याच्या कानाशी बोलत होती आणि पलीकडच्या बाकावरची माणसं ऐकत होती. तिला आज त्याचं काही वाटलं नाही. "मला वाटलं, ऐकू येऊनच हाव म्हणालात."

गाडी लागली. त्यानं तिची पिशवी वर ठेवली, खिडकीशी उभा राहिला. "पुढच्या सुट्टीत ते कानाचं बघू," तो म्हणाला. "दाखवू तुझ्या नांदेडला."

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. कमलम्मा त्याच्याकडे पाठ करून राहिलेली हुग्गी वाटीत काढत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. रागावलेली होती की नुसतीच काही सांगत होती, पाठीवरून कळत नव्हतं. गुरुबसप्पा तिथंच भिंतीला टेकून बसला.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "मला ऐकू आलं न्हाई. पुन्हा सांग."

कमलम्मा वळली. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे आपण काय म्हणत होतो तेच ती क्षणभर विसरली. मग तिनं वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले, त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.