फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

"अंकल, अगले सीझन में क्या चलेगा, ये डिसाइड कौन करता है?"

कादंबरीने विचारलं, आणि तिच्या पाठीमागे स्वरूपा आणि चेतना एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. पैज त्या दोघींचीच होती. प्रगती मैदानात स्टेशनरीचं मोठं प्रदर्शन भरलेलं, सगळीकडे सूटबूटातले व्यापारी, आणि त्यांच्यात शाळेच्या गणवेशातल्या ह्या तिघी. "पूछ के दिखा, तब मानें," असं चेतनाने डिवचलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही कादंबरीचा आवाज घशात अडकायचा. अकरावीत आल्यापासून मात्र तिला कुणी डिवचायचाच अवकाश, ती पुढे.

स्टॉलवरच्या माणसाच्या छातीवर 'धीरज' असा बिल्ला होता. तो हसला. "कोई नहीं करता, बेटा. पिछले साल जो किसी को नहीं चाहिए था, इस साल वही चलता है."

मग त्याने मनापासून समजावलं. गेल्या थंडीत फिके गुलाबी-निळे रंग, उन्हाळ्यात सगळ्या वह्यांवर पानंफुलं. लोक कंटाळले. आता ह्या थंडीत रंगच नाहीत. हस्तिदंती जाड कागद, काळी शाई, आणि कडा हाताने फाडलेल्या. कादंबरीने एक कार्ड हातात घेतलं. फाटलेल्या कडेचे तंतू बोटाला मऊ लागले. किती शांत, किती मोठ्या माणसांचं वाटत होतं ते!

"हमारे स्कूल फेस्ट में मेरा कार्डों का स्टॉल है," ती बोलून गेली. "आप आइए ना."

"आऊँगा. कार्ड अच्छे लगे तो नए साल के सेट में ले लूँगा."

बस. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि घरात निमित्तही होतं. आजोबांचा, तात्यारावांचा, अमृतमहोत्सव. केंद्र सरकारच्या नोकरीपायी ते तरुणपणीच दिल्लीला आले ते इथलेच झाले. आता मुनिरकेजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलाकडे, म्हणजे कादंबरीच्या बाबांकडे राहत होते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं गावी जाणं थांबलं होतं. साताऱ्याकडच्या गावात त्यांची मोठी बहीण होती, शेवंताआजी. तिला ते अक्का म्हणत. दर रविवारी फोन करत, आणि ठेवताना दर वेळी म्हणत, "एकदा भेटायला पाहिजे गं, अक्का."

आमंत्रणाची कार्डं कादंबरीने करायची ठरली. मजकूर आईने, प्रमोदिनीने, फोनवरच वाचून, तपासून दिला. छापून आलेली कार्डं मात्र कादंबरीने कुणाला दाखवली नाहीत, सरप्राइज म्हणून. हस्तिदंती कागद, मधोमध मोठ्या काळ्या अक्षरांत 'तात्याराव', खाली बारीक मजकूर. चारी कडा फाडल्या तर अक्षरं कापली जात होती, म्हणून पोस्टाच्या पेटीपाशी उभं राहून तिने प्रत्येक कार्डाचा फक्त एक कोपरा फाडला. अगदी हळूच, प्रेमाने.

रविवारी दुपारी बाबांचा, सूर्यकांतांचा, फोन वाजला. ते अंघोळीला गेले होते. कादंबरीने उचलला. पलीकडे राधाकाकू, शेवंताआजीची सून. आवाज रडून बसलेला.

"मामा कधी गेले गं? कुणी साधा फोनपण नाही केला आम्हाला?"

"कुठे गेले? आजोबा? काकू, ते समोर बसून चहा पितायत."

मग काकू सांगत गेली. काल ती रानात असताना पोस्टमनने कार्ड शेवंताआजीच्या हातात दिलं. म्हातारीला वाचता येत नाही. 'तात्याराव' एवढीच अक्षरं ओळखते, भावानेच लहानपणी पाटीवर गिरवून घेतलेली. तिने अक्षरं पाहिली, मग कोपरा पाहिला. कार्ड टराटरा फाडून उंबऱ्याबाहेर टाकलं आणि थंडगार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. कालपासून पोटात अन्न नाही. अंगात ताप.

"पण कोपरा फाटला म्हणून काय झालं?" कादंबरीने विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला. "कोपरा फाडलास तू?"

"ट्रेंड आहे, आई."

"अगं, माणूस गेल्याचं कार्ड असतं ते. कोपरा फाडून पाठवतात. ते घरात ठेवत नाहीत, वाचलं की लगेच फाडून टाकतात." आईने डोक्याला हात लावला. "तुला कधी सांगितलंच नाही आम्ही. इथे कुणाचं कार्ड येतंय?"

कादंबरीला ती पोस्टाची पेटी आठवली. किती कार्डं टाकली होती तिने त्या पेटीत!

आजोबांनी फोन मागून घेतला. आवाज नेहमीचा. "अक्का, मी बोलतोय. तात्या. अगं, जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. झालं की नाही तुझ्या मनासारखं?"

स्पीकरवर म्हातारीचा आवाज आला, कोरडा. "माझ्या तात्याचा आवाज कुणीबी काढंल. कार्ड आलंय मला."

बाबा टॉवेलनेच बाहेर आले. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. राधाकाकूने फोन म्हातारीसमोर धरला. शेवंताआजीने एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. "फोनात तर गेलेली माणसंबी दिसत्यात. माझं धनी न्हाई दिसत व्हय त्यात?"

आजोबांनी फोन खाली ठेवला. चहावर साय धरली होती. "ती जेवायची नाही," ते हळूच म्हणाले. "मी समोर जाऊन बसेपर्यंत जेवायची नाही. मी ओळखतो तिला."

मग सगळी फोनाफोनी. बाबांनी बाकीच्या नातेवाइकांना एकेक करून कळवलं. डॉक्टर म्हणाले, ट्रेनने, सोबत माणूस असेल तर जाऊ द्या. पण माणूस कोण? संसदेचं अधिवेशन सुरू, बाबांच्या सगळ्या सुट्ट्या रद्द. आईच्या ऑफिसात ऑडिट. "शनिवारपर्यंत थांबू," बाबा म्हणाले. "तोवर राधावहिनी समजावतील."

"तापात? उपाशी?" आई म्हणाली.

कादंबरी आपल्या खोलीत गेली. फेस्टसाठी केलेली कार्डं टेबलावर रचून ठेवलेली. फेस्ट ह्याच शुक्रवारी होता, धीरज अंकल येणार होते. तिने एक कार्ड उचललं. अजून सुंदरच दिसत होतं ते, हेच वाईट होतं. फाटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आणि ह्या वेळी तिला तिथे एका म्हातारीचं बोट दिसलं.

तिने स्वरूपाला फोन लावला. "सुन, स्टॉल तू लगा. मेरे कार्ड मत रखना."

"पागल है क्या? वो अंकल सिर्फ तेरे लिए आ रहे हैं!"

"आने दे, यार."

मग एक कोरं कार्ड घेऊन ती देवघरात गेली. चारी कोपरे शाबूत. करंड्यातलं कुंकू आणि हळद घेऊन तिने एकेका कोपऱ्याला बोट लावलं. मधे काळ्याऐवजी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तात्याराव'.

आईबाबा अजून जेवणाच्या टेबलाशी तसेच बसले होते. तिने कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. फेस्टला मी नाही. उद्या निजामुद्दीनहून साताऱ्याची गाडी आहे, मी आजोबांना घेऊन जातेय. हे कार्ड शेवंताआजीच्या हातात मी देणार, आणि कोपरा कुणी फाडला तेही मीच सांगणार. आजोबांचा अमृतमहोत्सव तिच्याच घरी होईल. तुम्हाला सुट्टी मिळेल तेव्हा तुम्ही या."