काखेतली सुई

मी विणकामाची एक सुई बोलतेय. दहा नंबरची, ॲल्युमिनियमची, हातभर लांब. वयाने जरा वाकले आहे, पण काम सोडलेलं नाही. माझी जुळी बहीण डाव्या हातात असते आणि मी उजव्या काखेत.

हसू नका. माझी पहिली मालकीण बाटल्यांच्या कारखान्यात दिवसभर यंत्रासमोर उभी असायची. मध्येच एखादी आडवी पडलेली बाटली उचलायला हात मोकळा हवा, म्हणून माझं शेपूट काखेत दाबून विणायची युक्ती तिने काढली. तीच रीत तिच्या लेकीने, माझ्या आताच्या मालकिणीने, उचलली. एकदा तर मी काखेत असताना बाईने मला शोधायला सगळं घर पालथं घातलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! तिचे यजमान तेव्हा पोट धरधरून हसले होते. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. मुलगी लांब राहते. रविवारी फोन करते, "आई, गोळ्या घेतेस ना?" एवढं विचारते आणि ठेवून देते.

दर मंगळवारी बाई रक्तदाब दाखवायला दवाखान्यात जाते. बाकावर बसली की मी पिशवीतून बाहेर. आणि मग सुरू होतात सल्ले! ज्याला साधं बटण लावता येत नाही, त्यालाही विणकामातलं सगळं कळतं.

"काकू, खांदा धरेल हं अशाने."

"आमची ही तर न बघता विणते."

बाई तिथे हसून साजरं करायची आणि घरी आल्यावर सगळा राग माझ्यावर. "माझ्या आईची रीत चुकीची म्हणे! मोठे आले शिकवणारे!"

एका मंगळवारी शेजारी एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांना राहवेना.

"अहो, ही सुई आहे की थर्मामीटर? द्या बघू इकडे हात."

त्यांनी बाईची बोटं आपल्या हातात घेतली आणि एकेक करून माझ्याभोवती नीट बसवली. दोन वर्षांत तिचा हात कुणी असा हातात घेतला नव्हता. डॉक्टरसुद्धा दंडाला पट्टा बांधून मोकळे होतात.

मग काय, आठवडाभर तिने नवी रीत घोटली. शिक्षिकाबाई खूश होतील, एवढंच तिच्या डोक्यात. पुढच्या मंगळवारी तिने त्यांना चार ओळी झरझर विणून दाखवल्या.

"शाब्बास! आता माझं काही काम उरलं नाही," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

त्या दिवशी बाईशी कुणीच बोललं नाही. बरोबर करणाऱ्याला कोण काय सांगणार?

त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने मला मुद्दाम काखेत धरलं. पण शिक्षिकाबाई आल्याच नाहीत. त्यांचे उपचार संपले, असं नर्सने सांगितलं.

आता बाकावर जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. बाई आपला नंबर आला तरी मागच्याला पुढे सोडते आणि बसून राहते. हल्ली तर ती जाणूनबुजून टाके गाळते. इतरांना नाही कळत, पण मला कळतं, आणि फार वाईट वाटतं.

तुम्ही कधी तिच्या शेजारी बसलात, तर "बाई, हे चुकतंय तुमचं," एवढंच म्हणा. विणकाम येत नसलं तरी चालेल. ती लगेच हात पुढे करील.