आप्पांचं एकासन

माझे सासरे रायगोंडा आप्पा दर चातुर्मासात एकासन धरायचे. दिवसातून एकदा, एका बैठकीत जेवायचं. पाटावरून उठलं की संपलं. त्र्याण्णव सालच्या चातुर्मासात ते भराभर वाळत गेले, तेव्हा सांगलीतल्या आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, जो तो म्हणायला लागला, "काय तेज आलंय आप्पांच्या तोंडावर! तप करावं तर असं." आप्पाही खूश व्हायचे. धोतर दोनदा खोचायला लागतं, याचंसुद्धा कौतुक होत होतं.

तेज कसलं डोंबलाचं! गालफडं बसली होती.

वाढणारी मी होते, म्हणून मला ठाऊक. आप्पा त्या एका बैठकीत तीन-चार भाकऱ्या, वर आमटी-भात, ताक असं सगळं संपवायचे. पण जेवणाऱ्याच्या भाकऱ्या मोजू नयेत, दृष्ट लागते, हे मला माहेरीच शिकवलेलं. त्यात सून सासऱ्याचं खाणं मोजते म्हटल्यावर गल्लीला महिनाभर विषय झाला असता. नवऱ्याला, गोमटेशना, हळूच बोलून बघितलं.

"एकदाच जेवणारा माणूस वाळंल न्हाईतर काय फुगंल?" असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली आणि ते कुपवाडच्या वर्कशॉपला निघून गेले.

दिवाळीत एकासन सुटलं. आप्पा दोन वेळा जेवायला लागले, तरी खांद्यावरून सदरा घसरायचा काही थांबला नाही. बस्तीतले आता म्हणत होते, तपाचा परिणाम एवढ्यात जातोय होय! मग एकदा धोतर धुताना मला रक्ताचे डाग दिसले. आप्पा म्हणाले, "उष्णता हाय गं, मूळव्याध." त्या दिवशी मात्र मी नवऱ्याला वर्कशॉपला जाऊ दिलं नाही. आप्पांना रिक्षात घालून आम्ही दोघं मिरजेला डॉक्टरांकडे गेलो.

"जेवण कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"उपास लय करतात," गोमटेश म्हणाले. "त्यानंच उतरलेत."

"न्हाई, डॉक्टर," मी म्हणाले. "पोटभर जेवतात. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. मी भाकऱ्या मोजल्यात."

आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भर बाजारात कुणी पागोटं उडवावं तसं तोंड झालं त्यांचं. मला फार वाईट वाटलं, पण डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्यांना तपासायला घेतलं.

दुर्बिणीतून पाहिल्यावर मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन करता येईल, डॉक्टर म्हणाले, पण वजन असंच उतरत राहिलं तर ते झेपायचं नाही. त्याआधी अंगात ताकद आली पाहिजे. थोडं-थोडं, सारखं खायला द्या, रात्रीसुद्धा.

रात्री! दिवस मावळल्यावर आप्पांनी जन्मात अन्नाला हात लावला नव्हता.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले. तिकडंच बघत म्हणाले, "त्यापरीस आता अन्नपाणी समदंच सोडतो. मुनीम्हाराजांना इचारा. समाधी घेतो."

गल्लीला कळलं असतं तर माणसं पाया पडायला आली असती. माझं डोकंच फिरलं.

"आप्पा, तप तुमी आपणहून करत होता. ह्यो रोग हाय, त्यो तुमाला खातोय. त्याला तपाचं नाव देऊ नका. समाधी घ्यायची वेळ आली तर मीच म्हाराजांकडं जाईन. पण तुमाला जगायचं हाय का न्हाई, एवढं मला सांगा."

सासऱ्याशी असं बोलायची माझी पहिलीच वेळ. मी चुलीपाशी जाऊन नाचणीची पेज केली, रडत रडतच. वाटी त्यांच्या उशाशी ठेवली आणि दिवा लावला. बस्तीतली आरतीची घंटा ऐकू आली. दर संध्याकाळी आप्पा तिथं पुढं उभे असायचे.

"त्रिशला."

"काय, आप्पा?"

"मला मरायचं न्हाई गं." त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "लय भ्या वाटतंय."

मी त्यांना पाठीला धरून बसवलं. पाठीचा मणका अन् मणका हाताला लागत होता. त्यांनी डोळे मिटून एकदा णमोकार मंत्र म्हटला, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. बाहेर तेव्हा पार अंधार पडला होता.