खिळ्याचा आवाज

लेकीने घोडीचा पुढचा पाय कोमट मिठाच्या पाण्यातून उचलला, गोणपाटाने टिपला आणि मांडीवर घेतला. खुराच्या तळाला, कडेपासून बोटभर आत, वाटाण्याएवढे भोक होते. काल तिथून काळपट पू येत होता, आज नुसती ओल होती. भोकाशेजारी तिने अंगठा दाबला. घोडीने कान मागे घेतले, पण पाय ओढला नाही.

"उतरतंय. बाबा, पोटीस द्या."

बाप पाठमोरा बसून नालांचे खिळे निवडत होता. हललाही नाही.

"ऐकायचं नसलं की ह्याला ऐकू येत नाही," दारातून आत्या म्हणाली. "लहानपणापासूनची खोड. आई हाका मारून दमायची, हा ढिम्म!" तिनेच कोंड्याचे गरम पोटीस आणून दिले. "खिळ्याचं विचारलं तर म्हणतो, घोडी हलली."

घोडी हलली नव्हती. नाल ठोकताना पाय लेकीच्याच हातात होता. टणक खुरात शिरणारा खिळा खणखणीत वाजतो, ठोक्यागणिक त्याचा आवाज चढत जातो. त्या दिवशी एका खिळ्याचा आवाज मध्येच बसला, ओल्या लाकडात शिरल्यासारखा. खिळा आतल्या जिवंत मांसाला, जिव्हाळीला लागला होता. घोडी थरारली ती त्यानंतर. लेक गप्प राहिली होती. जन्मभर नाल ठोकलेल्या माणसाला आपण काय सांगायचे? त्याने ऐकलेच असणार.

पोटीस भरता भरता तिचा हात थांबला. तिने बापाच्या पाठीकडे पाहिले, शेजारचा पत्र्याचा डबा उचलला आणि फरशीवर सोडून दिला.

घोडी दचकली. आत्या किंचाळली.

"अगं, हात आहेत की लाकडं!"

"निसटला," लेक म्हणाली.

बाप खिळे निवडत राहिला.

जखम भरली. भोक कोरडे पडले, घोडी कडक जमिनीवरही सरळ दुडकी चालू लागली. नाल ठोकायच्या दिवशी लेक एक वाक्य मनात घोळवत तबेल्यात आली: यावेळी दुसरा नालबंद बोलावू या. साधेच होते, पण ते एकदा बोलले की हातोडा खुंटीला लागणार आणि हा माणूस सकाळी उठून कुठे जाणार, हे तिला सुचत नव्हते.

बापाने नाल, खिळे, पकड मांडून ठेवली होती.

"धर पाय," तो म्हणाला.

तिने पाय धरला.

पहिला खिळा त्याने जुन्या जखमेपासून लांब लावला. एकच हलका ठोका दिला आणि थांबला. खुराकडे नाही, तिच्याकडे पाहिले.

तिला क्षणभर कळले नाही. मग तिने होकारार्थी मान हलवली.

त्याने पुढचा ठोका दिला, पुन्हा वर पाहिले. ती मान हलवत गेली. खिळा बसला. दुसरा बसला, तिसराही.

"आज काय पूजा मांडलीये का?" आत्या दारातून म्हणाली. "गाढवालासुद्धा नाल लागेल एवढ्या वेळात!"

चौथ्या खिळ्याच्या दुसऱ्या ठोक्याला आवाज चढायचा तो किंचित खाली आला. बापाने वर पाहिले. लेकीची मान हलली नाही.

त्याने काही न विचारता पकड उचलली आणि खिळा उपसून काढला. टोक स्वच्छ होते. ते त्याने बोटावर फिरवून पाहिले.

"तिरका गेला होता," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, जरा मोठ्याने.