वॉर्डातलं घुबड

दुपारची औषधं वाटून झाली की मुलांच्या वॉर्डात जरा शांतता व्हायची. तेवढ्या वेळात बेबीनंदा दाराजवळच्या बाकावर टेकायची, चपला काढून पाय लांब करायची आणि पिशवीतून क्रोशाची सुई बाहेर काढायची. विणायची हौस होती असं नाही. नुसतं बसलं की अंगातला शीण जाणवायचा, हात चालू असले की थोडा विसर पडायचा.

जालन्याच्या त्या मिशन दवाखान्यात ती आया होती. चादरी बदलणं, फरशी पुसणं, पोरांना भरवणं, त्यांचं हगणंमुतणं काढणं, सगळं तिच्याकडे. त्याआधी पहाटे घरी सासूचं आणि स्वतःच्या लेकरांचं करून यायचं, आणि परतल्यावर पुन्हा चूल. नवरा तातेराव धान्याच्या मोंढ्यात हमाल होता. उन्हाळ्यात पोतं उचलताना त्याच्या पाठीत चमक भरली, तेव्हापासून तो कामावर कमी आणि खाटेवर जास्त असायचा.

क्रोशाचं काम ती लहानपणी टेंभुर्णीच्या शाळेतल्या एका बाईंकडून शिकली होती. रुमाल, टोपरी, दाराची तोरणं असलं तिला न बघता करता यायचं. सिस्टर इलीननं ते हेरलं होतं. इलीन स्कॉटलंडहून आलेली, पन्नाशीची, उंच नर्स. मराठी बोलायची, पण क्रियापद कुठं ठेवावं हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पंच्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. इलीननं एका विलायती मासिकातलं पान आणून बेबीनंदाच्या मांडीवर ठेवलं.

"हे करशील तू, मुलांसाठी?"

चित्रात लोकरीचं एक गोलमटोल घुबड होतं. काळं अंग, नारिंगी डोळे, डोक्यावर टोकदार टोपी.

"आमच्या देशात या महिन्याच्या शेवटी भुतांची रात्र असते," इलीन म्हणाली. "हॅलोविन. पोरं भूत होतात, दारोदार जातात, खाऊ मागतात."

"भुताची पूजा करता तुम्ही?"

"पूजा नाही, मस्ती! ज्याची भीती वाटते, त्याचं खेळणं करायचं."

"घुबड हाये हे, सिस्टर."

"हो. शहाणा पक्षी."

आपल्याकडे घुबडाला काय समजतात, हे सांगायला बेबीनंदानं तोंड उघडलं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तिला कंटाळा आला. तिनं पान घडी करून पिशवीत टाकलं.

रोज दुपारी थोडं थोडं करत तिनं ते विणलं. डोक्यापासून सुरुवात केली. एक छोटं कडं, त्यात मुके खांब म्हणजे आखूड घट्ट टाके, मग गोल गोल वाढवत नेणं. पहिल्यांदा वीण सैल पडली आणि आतला कापूस दिसायला लागला, म्हणून सगळं उसवून पुन्हा घट्ट घातलं. काळी लोकर डोळ्यांना फार त्रास देते, टाका कुठं आहे तेच कळत नाही. डोळ्यांसाठी इलीननं आपला जुना नारिंगी मोजा उसवून दिला. पोटात एका फाटक्या उशीचा कापूस भरला. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला, पण तो पुन्हा करायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बेबीनंदाच्या सासऱ्यानं छप्पन साली बौद्ध झाल्यावर घरातले देव नदीला दिले होते. भूतखेत, शकुन-अपशकुन, सगळं त्या दिवशी घरातून गेलं, असं तो मरेपर्यंत सांगायचा. बेबीनंदाही पोरांना तेच सांगायची. तरी दुसरा डोळा शिवून झाल्यावर घुबड तिच्याकडे बघायला लागलं, तेव्हा तिनं पटकन त्याचं तोंड खाली केलं. स्वतःचंच तिला हसू आलं. पण तोंड तिनं खालीच ठेवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी इलीननं एक भोपळा कोरून त्याला दात काढले आणि वॉर्डाच्या मध्ये स्टुलावर ठेवला. स्वतः चादर पांघरून ती पोरांमागं धावली. पोरं आधी घाबरली, मग किंचाळत हसायला लागली. घुबड या खाटेवरून त्या खाटेवर फिरत राहिलं आणि शेवटी शिवकन्येजवळ थांबलं.

शिवकन्या राजूरजवळच्या वस्तीवरची, सातआठ वर्षांची पोर. बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. गावात बांधाबांध केली, जखम चिघळली, हाडात पू झाला, तेव्हा तिला इथं आणलं. रोज ड्रेसिंग, रोज इंजेक्शनं. तिची आई गोजरबाई पोळ्यापासून तिच्या खाटेशेजारी फरशीवर पटकूर टाकून झोपत होती. बाई कमी बोलायची. पोरगी रडली की तिचे पाय चेपत बसायची.

त्या दुपारी गोजरबाई नळावर कपडे धूत होती. ओला पिळा घेऊन ती आत आली, तर पोरीच्या छातीवर घुबड.

"आई, हे बघ," शिवकन्या म्हणाली. "म्या त्याला माझं नाव सांगितलं. त्यानं पाठ बी केलं."

गोजरबाई जागीच थांबली. घुबडाच्या कानावर कुणाचं नाव पडलं की ते घोकत बसतं, आणि ते घोकतं तसतसा तो माणूस झिजत जातो, हे त्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. तिनं पिळा खाली ठेवला, दोन बोटांनी घुबड उचललं आणि खाटेखाली टाकलं. बेबीनंदानं ते पाहिलं. जाऊन दोन शब्द बोलावं असं तिला वाटलं, पण पलीकडच्या पोरानं ओकारी काढली होती. ती फडकं घेऊन तिकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा शिवकन्येची खाट रिकामी होती. चादरीची नीट घडी केलेली होती. खाटेखाली घुबड पालथं पडलं होतं. संध्याकाळी गोजरबाईनं गावाकडच्या माणसाजवळ निरोप धाडला, पहाटे पोरीचा बाप गाडी घेऊन आला आणि तिघं कुणालाही न सांगता गेले, असं शेजारच्या बाईनं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं बंद पडली तर पू पसरेल. पाय वाचेलच असं नाही.

इलीन खुर्चीत मटकन बसली. "माझी चूक. मी जाते."

"तुम्ही जाऊ नका," बेबीनंदा म्हणाली. "गोरी बाई बघून सगळं गाव जमा व्हईल, अन् ती आणखीन बिथरंल. उद्या माझी सुट्टी हाये. म्या जाते."

म्हणाली खरं, पण त्या सुट्टीत तिला फक्त झोपायचं होतं. तातेरावही चिडला. "दुसऱ्याच्या पोरीपायी कशाला मरून राह्यली तू?"

"म्याच इणलं व्हतं ना ते," ती म्हणाली.

राजूरच्या गणपतीची चतुर्थी नसल्यामुळं सकाळच्या भोकरदनच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली. बसल्या बसल्या तिला झोप लागली. "राजूर, बाई, उतरा जल्दी," म्हणत कंडक्टरनं तिला उठवलं. देवळाबाहेरच्या नारळाच्या दुकानात तिनं वस्तीची वाट विचारली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. उन्हात ती बराच वेळ चालली. सगळ्या वाटेत ती मनाशी एकच जुळवत होती, काय बोलायचं, कसं पटवायचं. पिशवीत घुबड होतं. गोजरबाईच्या समोर ते टाका टाका उसवून दाखवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

लिंबाखाली खाटेवर शिवकन्या निजली होती. अंग तापलेलं. पट्टीला वास यायला लागला होता. बेबीनंदा दिसल्यावर पोरीनं नुसते डोळे उघडले.

गोजरबाई घरातून बाहेर आली. बेबीनंदा अंगणाच्या कडेलाच खाली बसली. गावात कुठवर जायचं हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिनं घुबड काढून समोर ठेवलं.

"गोजरबाई, ही लोकर हाये निस्ती. आत कापूस. म्या तुमच्यासमोर उसवते. मंग तर पोरीला पाठवताल?"

गोजरबाई त्या घुबडाकडे बघत राहिली. मग तीही समोर बसली, मातीत.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "कशाला उसवता? येवढं हातानं केलेलं."

"मंग?"

गोजरबाईनं घराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पयल्यांदा भ्याले, खोटं कशाला बोलू. पण मालकानं गाडी आणस्तवर भीती गेल्ती. तवर कळलं व्हतं, की ह्ये खेळणं हाये."

बेबीनंदाला काही समजेना.

"त्या फरशीवर झोपून झोपून मी मेले व्हते, बाई. इथं धाकटं अंगावरून तोडलं, ते आजीच्या गळ्यात. वेचणी आली. सासू येणाऱ्या-जाणाऱ्यासंगं टोमणे धाडून राह्यली. रोज सकाळी वाटायचं, उठावं अन् चालू लागावं. पण पोरीचा पाय बरा नसताना घरी न्यायचं, तर लोक काय म्हणतील? मंग ते घुबड घावलं. घुबडाचं म्हणलं की कोणी काही बोललंच न्हाई. सासू बी न्हाई. उलटं म्हणली, बरं केलं, आणलं." ती थांबली. "घरी आले अन् पयल्यांदा झोपले. पोरगी इकडं कण्हून राह्यली, अन् म्या झोपले."

तिला रडू येईल असं बेबीनंदाला वाटलं, पण ते आलं नाही. रडण्याइतकीही ताकद त्या चेहऱ्यावर दिसत नव्हती. बेबीनंदानं वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं वाया गेलं होतं. अंधश्रद्धेवर बोलायला ती तयार होऊन आली होती. या गोष्टीवर काय बोलणार? ही गोष्ट तर तिच्या घरचीच होती.

"मला बी रोज वाटतं," शेवटी ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी जाताना वाटतं, ठेसनाकडं वळावं. कुठली बी गाडी पकडावी."

"खरं?"

"बिलकुल खरं."

खाटेवर पोरगी कुशीवर वळायला गेली आणि ओरडली. बेबीनंदा उठली, तिनं पोरीच्या कमरेखाली हात घालून तिला सरळ केलं, आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्ही ऱ्हावा इथं. पोरीला माझ्यासंगं द्या. तिचं म्या बघते."

बोलल्या क्षणीच ते मागं घ्यावंसं तिला वाटलं. वॉर्डातल्या इतक्या पोरांत आणखी एकीची आई व्हायचं होतं. पण शब्द गेले होते.

दारातून सासू, झुंबरबाई, बाहेर आली. "पोरगी एकटी ठेवायची? अन् कोणाच्या हातचं खाणार ती?"

"इतके दिस ह्यांच्याच हातचं खाल्लं तिनं," गोजरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "अन् म्या बी."

गोजरबाईचा नवरा मच्छिंद्र गोठ्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो गाडी जुंपायला गेला. गाडीत त्यानं कडब्याची जाड गादी केली. निघताना शिवकन्येनं घुबड मागितलं. गोजरबाईनंच ते उचलून तिच्या काखेत दिलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. आई नाही म्हणून पोरगी हट्टाला पेटली. ड्रेसिंगच्या वेळी एकदा तिनं बेबीनंदाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. बेबीनंदानं तिला एक चापट दिली आणि मग न्हाणीघरात जाऊन दार लावून उभी राहिली. गोजरबाई आठवड्याच्या बाजाराला यायची, कधी जमायचं नाही. आली की आधी बेबीनंदाच्या हातातली बादली घ्यायची. इलीन रोज संध्याकाळी शिवकन्येला भरवायला थांबायची. तेवढंच बेबीनंदाला घरी लवकर जाता यायचं. थंडी वाढली तसा पू कमी होत गेला. पाय वाचला, पण बोटभर आखूड राहिला.

संक्रांतीनंतर मच्छिंद्र आणि गोजरबाई पोरीला न्यायला आले. बसला वेळ होता. गोजरबाईनं व्हरांड्यात फडकं सोडलं. आत बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. तिनं एक भाकरी मधून मोडली, अर्धी बेबीनंदाच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली, आणि दोघी भिंतीला पाठ लावून जेवायला बसल्या.

"धाकटं कसं हाये?" बेबीनंदानं विचारलं.

"चालून राह्यलं आता. धरून धरून."

"मंग आता तुम्हाला दम खायला सवड न्हाई."

"न्हाई बाई," गोजरबाई म्हणाली, आणि शेंगांचा वाटा तिच्याकडे सरकवला.

समोर अंगणात शिवकन्या बापाचं बोट धरून फाटकापर्यंत जायची, तिथून वळायची आणि लंगडत परत यायची. बापानं बस म्हटलं तरी ती थांबत नव्हती.